सोडविणाराहि राखणदारच

कोणतीहि मोलाची वस्तु जतन करावयाची म्हणजे ती बंद करून ठेवावयाची, अशी आपल्याकडे फार जुनी समजूत आहे. दागिने पेटींत, दस्तऐवज ट्रंकेंत, पोथ्या तांबड्या फडक्यांत. आणि घराण्यांत एखादें दुखणें असेल तर तें चार भिंतींच्या आंत. ही समजूत सर्वस्वी खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जी पोथी वर्षानुवर्षें सोडलीच जात नाहीं तिला कसर लागते, हें ज्यानें एकदां तरी जुनें बाड उघडलें आहे त्यास सांगावयास नको. जतन करण्याची विद्या बांधण्यांत जितकी आहे तितकीच ती वेळेवर सोडण्यांत, तपासण्यांत, दुरुस्त करण्यांत आणि पुन्हां नीट बांधण्यांत आहे. या विधानाच्या पुष्ट्यर्थ आम्ही आज मनुष्याच्या शरीराचीच साक्ष काढणार आहों. विषय शास्त्रीय आहे खरा, पण त्यांतून निघणारा बोध विद्यार्थ्यांइतकाच त्यांच्या वडील मंडळींच्याहि उपयोगाचा आहे. म्हणून दोघांनींहि हा लेख वाचावा अशी आमची विनंती आहे.

आपल्या शरीरांतील बहुतेक प्रत्येक पेशींत डीएनए नांवाच्या द्रव्याचे धागे असतात, हें वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. हा धागा म्हणजे दोन पेडांचा पिळलेला दोर होय. त्याची रचना वॉटसन आणि क्रिक यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध केली. रोझलिंड फ्रँकलिन आणि मॉरिस विल्किन्स यांनीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें केलेल्या कार्याचा तिला आधार होता. या दोरावर चार अक्षरांच्या लिपींत शरीराचा सर्व जमाखर्च लिहिलेला असतो. आईकडून आलेल्या सुमारे तीनशें कोटि अक्षरजोड्या आणि वडिलांकडून आलेल्या तितक्याच, मिळून सहाशें कोटि जोड्या एका पेशींत असतात. एका पेशींतील हे सर्व धागे टोकाला टोक लावून सरळ ताणले तर त्यांची लांबी सुमारे दोन मीटर भरेल. आणि तरीहि ते डोळ्यांस न दिसणाऱ्या पेशीकेंद्रांत सांठविलेले असतात. साधारणपणें दर साडेदहा जोड्यांमागें दोराचा एक वेढा पडतो. विद्यार्थ्यांनीं स्वतः भागाकार करून पाहावा: एका पेशींत पंचावन्न कोटींहून अधिक वेढे होतात.

आतां अशी ही मोलाची वही कायमची बांधून ठेवली असती तर तिच्यापासून कांहींच लाभ झाला नसता. पेशी दुभंगण्यापूर्वीं तिची नक्कल करावी लागते. पेशीच्या रोजच्या कामासाठीं तिच्यांतील मजकूर वाचावा लागतो. मजकूर बिघडला तर तो सुधारावा लागतो. परंतु अक्षरें तर दोन्ही पेडांच्या आंतल्या बाजूस, एकमेकांकडे तोंड करून बसलेलीं असतात. तेव्हां पेड सोडविल्याखेरीज यांपैकीं एकहि काम होत नाहीं. हे पेड सोडविण्याचें काम जीं विकरें करतात त्यांस हेलिकेज असें नांव आहे. १९७६ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें हॉफमान-बर्लिंग आणि त्यांचे सहकारी यांनीं एका जिवाणूंत असें पहिलें विकर शोधून काढलें. मनुष्याच्या शरीरांत डीएनए उलगडणारीं अशीं सुमारे तीस विकरें आहेत असें आज मानतात.

त्यांच्या कामाची रीत पाहण्यासारखी आहे. नक्कल करतांना जें प्रमुख हेलिकेज कामास येतें तें सहा भागांच्या कड्यासारखें असतें. एक पेड कड्याच्या आंतून जातो, दुसरा बाहेर ढकलला जातो, आणि कडें पुढें सरकत दोर उकलीत जातें. या श्रमासाठीं लागणारें इंधन म्हणजे पेशींतील एटीपी नांवाचें द्रव्य. सुतळीचे पेड मधून ओढून पाहिले तर पुढची सुतळी अधिकच पिळते, हा अनुभव प्रत्येक मुलास आहे. डीएनएच्या दोराचेंहि तसेंच होतें. म्हणून पुढें साचणारा पीळ कमी करण्यास टोपोआयसोमरेज नांवाचीं दुसरीं विकरें नेमलेलीं असतात; आणि सुटलेले पेड पुन्हां एकमेकांस चिकटूं नयेत म्हणून तिसऱ्या प्रकारचीं प्रथिनें त्यांना धरून ठेवतात. जिवाणूंत नक्कल करण्याचा वेग सेकंदास सुमारे एक हजार अक्षरांचा असतो. म्हणजे तेथला दोर मिनिटास सहा हजारांच्या जवळपास फेरे घेत उकलतो. आपल्या पेशींत हा वेग पुष्कळच कमी आहे, पण तेथें एकाच वेळीं हजारों ठिकाणीं काम सुरू असतें.

हें झालें नित्याचें काम. याहून नाजूक आणि आमच्या मतें याहून थोर असें दुसरें एक काम या विकरांकडे आहे. नक्कल चालली असतां वाटेंत अनेक अडथळे येतात. कोठें उन्हानें शेजारचीं दोन अक्षरें एकमेकांस चिकटलेलीं असतात. कोठें एक पेड स्वतःवरच दुमडून त्याची गांठ बसलेली असते. कोठें तुटलेला धागा सांधतांना तो आपल्या जुळ्या धाग्यांत गुंतून गेलेला असतो. अशा जागीं काम अडकतें. तें तसेंच पुढें रेटलें तर धागा तुटतो, तुटलेलीं टोकें भलत्याच गुणसूत्रास जाऊन चिकटतात, आणि एका प्रकरणाचीं पानें दुसऱ्या प्रकरणांत शिवलीं जातात. यालाच शास्त्रज्ञ जनुकसंचाची अस्थिरता म्हणतात. कर्करोगाच्या पेशींचें हें एक ठळक लक्षण आहे.

येथें एक ओळखीचा दाखला देतों. आपल्या हार्बर मार्गावर रविवारीं मेगाब्लॉक असला म्हणजे खांदेश्वर स्थानकावर उभे असलेले उतारू कुरकुर करतात. परंतु गाड्या थांबवून रूळ, तारा आणि सांधे तपासले नाहींत तर सोमवारची गाडी कोणाच्या भरंवशावर धांवणार? पेशींतहि असेच थांबे नेमलेले आहेत. वहींत बिघाड आढळला कीं नक्कल थांबते, गुंता सोडविणारीं विकरें त्या जागीं येतात, दुरुस्ती होते, आणि मग काम पुढें चालूं होतें. हा थांबा म्हणजे आळस नव्हे. उद्यांच्या प्रवासाची ती हमी आहे.

गुंता सोडविणाऱ्या या विकरांत रेकक्यू या नांवाचें एक प्रसिद्ध घराणें आहे. त्यांतील पहिलें जनुक जपानांतील नाकायामा आणि त्यांचे सहकारी यांनीं १९८४ सालीं जिवाणूंत शोधिलें. मनुष्यांत या घराण्याचीं पांच विकरें आहेत. त्यांपैकीं एक नसलें तर काय होतें तें पाहावें, म्हणजे त्याची योग्यता कळेल. १९५४ सालीं न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ डेव्हिड ब्लूम यांनीं कांहीं मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. तीं मुलें फार ठेंगणीं होतीं आणि उन्हानें त्यांच्या चेहऱ्यावर लाल चट्टे उठत. अशा रुग्णांस लहान वयांत नाना प्रकारचे कर्करोग होतात, हें पुढें दिसून आलें. त्यांच्या पेशी तपासल्या तेव्हां जुळ्या धाग्यांमधील अदलाबदल नेहमींच्या सुमारे दसपट झालेली आढळली. अखेर १९९५ सालीं मूळ कारण सांपडलें: रेकक्यू घराण्यांतील एक हेलिकेज या मुलांत निकामी होतें. दोन जुळे धागे एकमेकांत गुंतले असतां भलती अदलाबदल होऊं न देतां त्यांस विलग करणें, हें त्या विकराचें काम. सोडविणारा हात गेला आणि वहीची शिवण उसवली.

याच घराण्यांतील दुसरें एक विकर नसलें तर वर्नरचा रोग होतो. ओटो वर्नर या जर्मन वैद्यानें १९०४ सालीं एकाच कुटुंबांतील चार भावंडांत तो पाहिला. त्याचें जनुक सांपडण्यास १९९६ साल उजाडलें. या रोग्यांचे केस विशींतच पिकूं लागतात, आणि पुढें मोतीबिंदु, मधुमेह वगैरे म्हातारपणचीं दुखणीं त्यांना तरुणपणींच गांठतात. उन्हानें झालेली इजा कापून काढण्यासाठीं त्या जागेभोंवतालचा दोर उघडणारीं आणखी दोन हेलिकेज विकरें आहेत. तीं बिघडलीं तर मुलास सूर्यप्रकाश सोसवत नाहीं, आणि लहानपणींच त्याच्या त्वचेवर कर्करोग उद्भवतो. अशा रोग्यांच्या पेशींस ही दुरुस्ती साधत नाहीं असें अमेरिकेंतील जेम्स क्लीव्हर यांनीं १९६८ सालीं दाखवून दिलें. चौथें उदाहरण फॅन्कोनीच्या पांडुरोगाचें. स्विस बालवैद्य फॅन्कोनी यांनीं १९२७ सालीं तीन भावांत तो पाहिला. या रोगांत हाडांतील मज्जेंत रक्त तयार होणें खुंटत जातें; कित्येक मुलांचे आंगठे जन्मतः सदोष असतात. याचीं कारणें होणारीं जनुकें वीसांहून अधिक आहेत, आणि त्यांपैकीं एक जनुक हेलिकेजचें आहे. मुंबईस परळ येथें केईएम रुग्णालयाच्या आवारांत राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था आहे. तेथील संशोधकांनीं या रोगाच्या भारतीय रुग्णांच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला आहे. तेव्हां हीं परदेशांतल्या लोकांचीं दुखणीं आहेत असें मानून कोणीं स्वस्थ बसूं नये.

आपल्या शेजारचेंच एक विद्यास्थान तर या विषयाशीं फारच निगडित आहे. खांदेश्वराहून गाडीनें मुंबईच्या दिशेस निघालें म्हणजे मानसरोवर सोडून दुसरें स्थानक खारघरचें. तेथें टाटा स्मारक केंद्राची अ‍ॅक्ट्रेक ही कर्करोगाच्या उपचाराची, संशोधनाची आणि शिक्षणाची संस्था आहे. तिचें मूळ परळांत आहे. १९४१ सालीं तेथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें, १९५२ सालीं भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघालें, आणि पुढें २००२ सालीं हें संशोधनकार्य खारघर येथें आलें. त्या केंद्राचे पहिले संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं रूढि आणि कर्करोग यांचा संबंध शोधला. धोतर कमरेस रोज घट्ट आवळल्यानें त्याच जागीं होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचें वर्णन त्यांनीं १९४५ सालीं सूर्याबाई यांच्यासह प्रसिद्ध केलें. कोणतीहि रूढि, केवळ ती जुनी आहे म्हणून, तपासण्यावांचून राहूं नये, हा त्यांच्या कामाचा मथितार्थ आम्ही घेतों. त्यांच्याच मार्गदर्शनाखालीं १९४९ सालीं डॉक्टरेट मिळविलेल्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनीं या केंद्रांत पेशी काचपात्रांत वाढविण्याची प्रयोगशाळा उभारली, आणि स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशीं असलेला संबंध अभ्यासिला. त्यांना १९८२ सालीं पद्मभूषण मिळालें. आमच्या शाळेंतील ज्या मुलींस शास्त्राची आवड आहे त्यांनीं हें नांव लक्षांत ठेवावें.

एवढें सांगितल्यावर आतां आम्ही मुख्य मुद्यावर येतों. वर सांगितलेले हेलिकेजचे चारहि रोग बहुधा आई आणि वडील या दोघांकडून बिघडलेली प्रति मुलास मिळाली तरच होतात. एकच प्रति बिघडलेली असेल तर मनुष्य सामान्यतः निरोगी राहतो, आणि आपण असा कांहीं वारसा बाळगून आहों याची त्यास कल्पनाहि नसते. दोघेहि असे असले तर प्रत्येक खेपेस मूल रोगी होण्याचा संभव चारांत एक इतका असतो. आतां आपल्याकडील एक चाल विचारांत घ्यावी. महाराष्ट्रांतील अनेक समाजांत मामाची मुलगी करण्याची रीत आहे. इरावती कर्वे यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध केलेल्या भारतीय नातेव्यवस्थेवरील ग्रंथांत तिची चर्चा केली आहे. अशा आते-मामे भावंडांत सरासरीनें जनुकांचा आठवा हिस्सा समाईक असतो. म्हणून एकाच आजाकडून किंवा आजीकडून आलेली बिघडलेली प्रति दोघांपाशीं असण्याचा संभव परक्या घराण्यांपेक्षां पुष्कळ वाढतो. या चालीस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. तिच्यांत नात्याचा जिव्हाळा आहे आणि अशा बहुसंख्य जोडप्यांचीं मुलें निरोगी निपजतात. आमचें म्हणणें इतकेंच कीं, घराण्यांत कोणी मूल रक्ताच्या, त्वचेच्या किंवा वाढीच्या अशा विचित्र दुखण्यानें गेलें असेल, तर सोयरीक ठरण्यापूर्वीं ती गोष्ट वैद्यास सांगितली जावी.

पण नेमकें हेंच होत नाहीं. मूल गेलें कीं त्याच्या दुखण्याचें नांवहि गाडलें जातें. धाकट्या भावंडांस तें कळत नाहीं, पुढच्या पिढीस तर मुळींच नाहीं. आणि दोष द्यावयाचाच झाला तर तो एकट्या आईच्या माथीं. वस्तुतः दोन प्रतींपैकीं एक वडिलांकडून आलेली असते, हें साधें गणित आहे. त्या माउलीस बोल लावणारानें हें गणित एकदां तरी मांडून पाहावें. ज्या मुलास उन्हांत खेळतां येत नाहीं किंवा ज्याचा आंगठा जन्मतः अधू आहे, त्यास वर्गांत हंसणाऱ्या मुलांनींहि तें मांडावें. आपल्यापैकीं प्रत्येकाच्या वहींत कोठें ना कोठें एखादें अक्षर चुकलेलें असतेंच.

यावर कोणी म्हणेल, "झांकली मूठ सव्वा लाखाची. हें बाहेर फुटलें तर मुलीचें लग्न कसें होणार?" ही भीति खोटी नाहीं, आणि तिची चेष्टा आम्ही करणार नाहीं. परंतु पेशींतच याचें उत्तर आहे. हेलिकेज साऱ्या दोराचे पेड एकदम मोकळे सोडून देत नाहीं. जेथें जितकें उघडावयाचें तितकेंच तें उघडतें. सुटलेले पेड सांभाळण्यास सोबती असतात. आणि काम होतांच दोर पुन्हां वळला जातो. भलत्या जागीं उघडा पडलेला धागा बंद धाग्याहून लवकर तुटतो. घराण्याच्या गोष्टीचेंहि तसेंच आहे. ती चव्हाट्यावर मांडावी असें आमचें म्हणणें नाहीं. ती जाणत्या वैद्यापुढें, जबाबदार माणसांपुढें, योग्य वेळीं उघडावी, आणि ऐकणारांनींहि ती आपल्यापाशीं राखावी. सांगणाराचें जसें कर्तव्य आहे तसें ऐकणाराचेंहि आहे. सोयरिकीच्या बोलण्यांत कळलेली गोष्ट गांवभर करणारा मनुष्य, ती लपविणारापेक्षां अधिक अपराधी होय असें आम्ही समजतों.

दुसराहि एक आक्षेप येतो: "कळून तरी काय उपयोग? जें रक्तांत आहे तें टळणार थोडेंच?" हें दैववादी बोलणें आतां टिकण्यासारखें राहिलें नाहीं. उन्हाचा रोग वेळेवर ओळखला तर कपडे, पडदे आणि दक्षता यांनीं मुलाची त्वचा पुष्कळ अंशीं वांचवितां येते. फॅन्कोनीचा रोग ओळखला तर मज्जारोपणाचा मार्ग असतो, आणि नेहमींच्या मात्रेचीं तीव्र औषधें अशा मुलास घातक होतात हें वैद्यास आधींच कळतें. २०१९ सालीं तर आणखी एक नवल उघडकीस आलें. एका विशिष्ट प्रकारची दुरुस्ती गमावलेल्या कर्करोगाच्या पेशी वर्नरच्या हेलिकेजवरच तग धरून असतात, असें दिसून आलें. तेव्हांपासून तें विकर रोखून त्या पेशी नष्ट करणाऱ्या औषधांचा शोध चालूं आहे. रक्तांतील अक्षर वाचतां आलें म्हणजे निदान कोठें सांभाळावें तें कळतें. येथें एक खुलासा अवश्य आहे: बहुसंख्य कर्करोग आईबापांकडून आलेले नसतात, तंबाखू, वय आणि इतर अनेक कारणांनीं ते उद्भवतात. म्हणून घरांत कोणास कर्करोग झाला कीं त्या सबंध घराण्यास वाळींत टाकणें हें निव्वळ अज्ञान होय.

आमच्या सूचना थोड्या आहेत. प्रत्येक घरीं वडील मंडळींनीं तीन पिढ्यांचीं मोठीं दुखणीं, जितकीं आठवतील तितकीं, एका वहींत टिपून ठेवावीं आणि मुलें वयांत आलीं म्हणजे ती त्यांच्या हातीं द्यावी. जवळच्या नात्यांत लग्न ठरत असेल तर आधीं वैद्याचा सल्ला घ्यावा. विद्यार्थ्यांनीं जीवशास्त्राचा धडा परीक्षेपुरता घोकून सोडून देऊं नये. घरांत जें कोणी विचारलें नाहीं तें विनयानें विचारण्याचें धैर्य त्यांनीं त्यांतून घ्यावें. आजीस विचारावें, ती बहुधा सांगेल. कित्येकदां तिला कोणी विचारलेलेंच नसतें.

आपल्या प्रत्येक पेशींत या क्षणीं तीं विकरें गांठी सोडवीत आहेत, चुका उघड्या करीत आहेत आणि दुरुस्त झालेला दोर पुन्हां वळूं देत आहेत. त्यांच्या या अखंड श्रमावरच आपलें आरोग्य उभें आहे. जें काम आपलें शरीर आपल्यासाठीं न सांगतां करतें, तेंच काम आपण आपल्या घरासाठीं जाणूनबुजून करावें, इतकेंच आमचें पालकांस आणि विद्यार्थ्यांस सांगणें आहे.